ताईच्या श्वासाइतकी ओळ

वाचनालयाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मास्तर पेटीच्या पट्ट्या पुसत होते. वाजवणं कमी झालं होतं, पुसणं तेवढं नेमाने चाले.

"मास्तर, तुमच्या अगदी सुरुवातीच्या चाली ऐकवा ना. रविवारी सकाळी. चहा आमचा."

"ऐकायला कोण येणार?"

"मी आहेच की. आणि खुर्च्या आहेत."

तीस वर्षं शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला याहून मोठं आमंत्रण कुठून येणार! मास्तरांनी स्टूल ओढलं आणि माळ्यावरची वही खाली काढली.

वहीत प्रत्येक चाल दोनदा होती: खाली पेन्सिलीने, वर शाईने. पेन्सिल विशी-पंचविशीतली. तेव्हा ते चाल बांधायचे आणि थोरली बहीण ओट्याला टेकून गायची. ताईला दमा. लांब ओळ तिला पुरायची नाही. म्हणून कापड अंगाला बेतावं तशी मास्तर चाल ताईच्या छातीला बेतत. प्रत्येक गाण्याची तिसरी ओळ दोन मात्रांनी आखूड.

मग एका नावाजलेल्या गायिकेने त्या चाली मागितल्या. "गोड आहेत, पण तिसरी ओळ लंगडते," ती म्हणाली. मास्तर हरखले. दोन दिवसांत सगळ्या ओळी शाईने पुऱ्या केल्या आणि ताईसमोर वही नाचवत म्हणाले, "आता कुठे चाली धड झाल्या!"

"म्हणजे माझा श्वास अडचण होता होय रे तुला?" ताई म्हणाली. ते हसले. त्यांना वाटलं, थट्टाच करतेय.

गायिकेने एकही चाल गायली नाही. ताईही पुन्हा पेटीजवळ उभी राहिली नाही. पुढे ती दूरच्या गावी गेली. आधी पत्रं यायची, मग फक्त बऱ्यावाईटाचे फोन. बावीस वर्षं अशीच गेली.

मास्तरांनी तिला चार ओळी लिहिल्या. पहिल्या चाली वाजवणार आहे, पेन्सिलीतल्या. ये. उत्तर आलं नाही. बाईंनी निमंत्रणासाठी नंबर मागितले, तेव्हा मास्तरांकडे देण्यासारखा एकच होता, ताईचा.

रविवारी नऊ माणसं आली. त्यातली दोन वर्तमानपत्र वाचायला आली होती. पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर मास्तरांनी आपली छत्री ठेवली होती. सहा चाली गाऊन-वाजवून होईपर्यंत ती तिथेच होती. दार वाजलं की त्यांची नजर आधी दाराकडे आणि मग छत्रीकडे जायची.

शेवटी घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ उठले. सगळा वेळ ते गुडघ्यावर ताल धरून होते.

"मास्तर, दर तिसऱ्या ओळीत दोन मात्रा खाल्ल्यात तुम्ही! वय झालं."

लोक हसले.

"खाल्ल्या नाहीत," मास्तर म्हणाले. "त्या तिथे नव्हत्याच कधी."

का नव्हत्या, ते कुणी विचारलं नाही. चहा आला. मास्तरांनी खुर्चीवरची छत्री उचलली आणि घरी आले.

मंगळवारी दुपारी ते एका ताटापुरती भांडी विसळत होते. फोन वाजला. पलीकडे आधी नुसती धाप ऐकू आली, मग शब्द.

"त्या वाचनालयाच्या बाईंनी रेकॉर्डिंग पाठवलं. काय भसाडा आवाज झालाय रे तुझा!"

ओल्या हातातला फोन त्यांनी घट्ट धरला. "तू आली नाहीस, ताई."

"जिना उतरवत नाही आता." ती थांबली. पुढचं वाक्य गोळा करत असावी. "आणि तिसरी ओळ संपल्यावर एवढी घाई कसली? लगेच चौथी धरतोस. तिथे मी श्वास घ्यायची."

"विसरलो गं."

"हं. ठेवते, दम लागतो."

मास्तरांनी हात पुसले. पेटी उघडली, वही लावली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी आखूड ओळ संपली आणि त्यांनी भात्यावरचा हात थांबवला. नळाखालच्या ताटावर एक थेंब पडला. मग आणखी एक.

मग त्यांनी चौथी ओळ धरली.