जोडीनने घालायला लावलेली लंगडी

अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात आयली कोस्केला रोज चारशे पोरांचं जेवण रांधायची. आठ तास उभं राहणं तिला कधी जड गेलं नाही. नवरा गेल्यावर, बावन्नाव्या वर्षी, ती तळ्याकाठच्या रस्त्यावर पळायला लागली; जोडीन ब्रँटने भरीस घातलं म्हणून. जोडीन फिजिओथेरपिस्ट. तिच्या पाचजणींच्या संघात आयलीला जागा मिळाली आणि घरी मुकी झालेली ही बाई पुन्हा बोलायला लागली.

रिले शर्यतीला अकरा दिवस उरले आणि आयलीची उजवी जांघ दुखायला लागली. पाय टेकला की कळ, बसलं की बंद. एक जण गळाली तर अख्खा संघ बाद, असा नियम. तिने जोडीनला सांगितलं. जोडीनने तिला दवाखान्यामागच्या पार्किंगमध्ये नेऊन दुखऱ्या पायावर लंगडी घालायला लावली. पहिल्याच उडीला आयली कळवळून एका गाडीवर रेलली. जोडीनने तिला हात देऊन सरळ उभं केलं. मग म्हणाली, "स्नायू ताणलाय गं. बर्फ लाव. चारशे पोरं सांभाळतेस आणि एवढ्याशाला रडतेस?"

आयली हसली, वर ओशाळलीही. तरी मनाच्या समाधानासाठी तिने एक्स-रे काढला. तो साफ आला. जोडीन म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते?

शर्यतीत आयली आपले सहा मैल पळाली, शेवटचा मैल पाय ओढत. संघ तिसरा आला. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना पाय टेकवेना.

एमआरआय बघून डॉक्टर ओस्बीबाईंनी समजावलं. मांडीचं हाड खुब्यात शिरतं तिथे, हाडाच्या मानेला चीर गेली होती. पळून पळून पडणारी ही चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. "म्हणून शंका आली की आम्ही दुखऱ्या पायावर लंगडी घालायला लावतो. जांघेत कळ आली की पळणं त्याच दिवशी बंद. तुम्हाला कोणी तसं करून पाहिलं नाही?"

आयलीला पार्किंगमधली ती उडी आठवली. स्नायूसाठी कुणी लंगडी घालायला लावत नाही, हे तिला आता कळलं. तेव्हाच थांबली असती तर बहुधा सहा आठवड्यांच्या कुबड्यांवर भागलं असतं. आता चीर अर्ध्याच्या पुढे गेली होती. हाडात तीन स्क्रू बसवावे लागले.

पंधरा दिवसांनी जोडीन दारात आली. एका हातात हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जंगली तांदळाच्या भाताचं भांडं, दुसऱ्यात शर्यतीचं पदक.

आयलीने आत बोलावलं नाही. एवढंच विचारलं, "त्या दिवशी तुला कळलं होतं ना?"

"शंका आली होती," जोडीन म्हणाली. "वाटलं, अकरा दिवस निघतील. आणि तुलाही पळायचं होतंच की, आयली."

हे खरं होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"होतं. ताणलेल्या स्नायूनं पळायचं होतं. मोडक्या हाडानं पळायचं ते तू ठरवलंस, मला न विचारता. जा, ते भांडंही घेऊन जा."

दार तोंडावर आपटायचं आयलीच्या फार मनात होतं. पण दोन्ही हात कुबड्यांत अडकलेले. शेवटी जोडीननेच भांडं काखेत धरून दार बाहेरून हळूच ओढून घेतलं.