दोन टाक्यांमधली खुर्ची

मुलांनो, भाऊआजोबा गेल्याचे तुम्हाला फोनवर कळले. त्या सकाळी मी गच्चीवर त्यांचा चहा घेऊन गेले, तेव्हा ते वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. समोरच्या टाकीत पांढरे कुमुद उमलले होते. मला वाटले, डुलकी लागली असेल...

ते माझे धाकटे दीर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. काशीत ब्रह्मा घाटावरच्या आपल्या घराच्या गच्चीत त्यांनी सिमेंटच्या दोन टाक्या ठेवल्या होत्या. एकीत काश्मीरहून आणलेले पांढरे कुमुद, दुसरीत इथल्याच तळ्यातले लाल. "बहिणी आहेत वहिनी, पण एक थंडीत वाढली, एक उन्हात," ते म्हणत. पांढरे फाल्गुनात फुले आणि गरम वाऱ्याची लू सुरू झाली की रुसे. लाल थंडीभर चिखलात झोपे, उन्हाळ्यात जागे होई. दोघी एकाच दिवशी फुललेल्या बघायच्या, हा त्यांचा ध्यास. एका पौषात देवांना लोकरीचे कपडे घालताना सुमतीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, लाल कुमुदाच्या टाकीभोवतीही शाल गुंडाळली. भाऊजी गरम पाण्याच्या बादल्या वर नेत राहिले. कळी आली नाही. मग वैशाखात पांढऱ्यासाठी बर्फ आणला, तर तो माकडांनी पळवला.

"माकडांची सोय झाली," सुमती म्हणाली. "मला पन्ह्यात घालायला खडा मिळाला नाही."

शेवटी त्यांनी हात टेकले, तेही हसत. "हवामानापुढे प्रोफेसरचे चालत नाही. आणि तुम्ही दोघी जावा तरी कुठे एका वेळी स्वयंपाकघरात मावता?" त्यानंतर त्यांनी खुर्ची दोन टाक्यांच्या मधोमध ठेवली. जी फुलेल, तिच्याकडे तोंड करून बसायचे.

मणिकर्णिकेवरून सगळे परतले, दिवसकार्य झाले, पाहुणे गेले. खुर्ची मात्र कोणी हलवली नाही. काल पाणी घालायला गेले, तर पांढऱ्याची पाने पिवळी पडू लागली होती आणि लाल टाकीत पहिली कळी वर आली होती. मी खुर्चीला हात घातला. मागून सुमतीने दुसरी बाजू धरली.

"ताई, एकट्या ओढू नका. वाकडी ठेवाल."

खुर्ची फिरवून आम्ही खाली गेलो आणि चहा केला. फार गोड झाला, साखर दोघींनीही घातली होती. तरी संपवला, वर जाऊन, त्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसून.