भांडी घासायचं लिक्विड

खाडीच्या बंधाऱ्यावर बाबा दिसले तेव्हा मी आधी मान खाली घातली. डोक्यावर टोपी, पायांत रबरी चपला, दोन्ही हातांत भांडी घासायच्या लिक्विडचे मोठे कॅन. मागे आमच्या पनवेलच्या सोसायटीतले काका लोक.

समुद्रात किंवा खाडीत तेल सांडलं की काय करायचं, हे सांगणाऱ्या एका कंपनीत मी काम करते. आदल्या दिवशी एका मालवाहू बार्जमधलं जाड तेल भरतीबरोबर उरणच्या बाजूला तिवरांच्या झाडांत शिरलं होतं. पाण्यावर आमच्या लोकांनी तरंगते अडसर लावले होते. चिखलात मात्र कोणीही पाय ठेवायचा नाही, असं आमच्या सरांनी सकाळीच बजावलं होतं. तुडवलं की तेल खाली मुळांपर्यंत जातं. गावातल्या बायका याच चिखलातल्या बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढतात. त्या बंधाऱ्यावर बसून आमच्याकडे बघत होत्या.

घरी मी कामाचं फारसं बोलत नाही. "चालू आहे" म्हणते. एकदा जेवताना बाबांनी फारच खोदून विचारलं. तेलावर फवारायचं रसायन म्हणजे नक्की काय, हे मराठीत नीट सांगायला मला जमेना, आणि खरं तर कंटाळाही आला होता. "साबणच असतो एक प्रकारचा. तेलावर मारला की तेल फुटतं," मी म्हणाले आणि ताट उचललं. ते खोल समुद्रात वापरतात, अशा चिखलात कधीच नाही, हे काही सांगितलं नाही. बाबांनी मात्र ते लक्षात ठेवलं आणि तेल सांडल्याची बातमी आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना गोळा केलं.

एका कॅनचं झाकण काढून ते उतारावरून खाली निघाले. हाक मारायला हवी होती. मी वळून सरांना म्हणाले, "सर, त्यांच्याकडे डिटर्जंट आहे."

तोवर एक बाई ओरडलीच, "ओ काका, काय वतता तं? आमच्या चिंबोऱ्या मारायच्या हायत का?"

"थांबा तिथेच!" सर धावले. सर बाबांपेक्षा कितीतरी लहान. "कोणी सांगितलं हो तुम्हाला हे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"कुठेतरी वाचलं होतं. सॉरी सर."

"वाचलेलं सगळं करायचं नसतं. तेल फुटून बिळांत गेलं तर कोण काढणार?"

"हो सर. चूक झाली."

वरून एक काका म्हणाले, "अहो साहेब, ह्यांची मुलगीच तर—"

"जाऊ द्या हो," बाबांनी त्यांना गप्प केलं.

"चला, आता वर्षभर भांडी घासा!" दुसरे म्हणाले. सगळे हसले, बाबासुद्धा.

सरांनी मला हळूच विचारलं, "ओळखतेस का यांना?"

"आमच्या बिल्डिंगमधले आहेत," मी म्हणाले.

बाबा तीन पावलांवर होते. ते कॅनचं झाकण लावत होते. झाकण केव्हाच घट्ट बसलं होतं, तरी फिरवत राहिले.

संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा आई स्वयंपाकघरातून त्यांना विचारत होती, "भेटली का हो ती तिथे?"

"कामात होती," बाबा म्हणाले.