पांढरी भुकटी

अ‍ॅल्युमिनियमला भोक पाडताना आम्ही ड्रिलवर थोडं रॉकेल सोडतो. आज चिखलीच्या शेडमध्ये तो वास आला आणि विनायकरावांची डोलकाठी आठवली.

ते रिटायर झालेले, पिंपळे सौदागरला राहायचे. पवना धरणावर त्यांची जुनी शिडाची होडी होती. डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा जिच्यात अडकतात ती स्टीलची पट्टी हलायला लागली, म्हणून काठी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. मी जुने रिवेट काढले, तर भोकांतून पांढरी भुकटी गळली. पट्टीखालचं अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्लं गेलं होतं. मला ते तिथंच कळलं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"काय नाय काका, साचलेली घाण." मी फुंकर मारली. दुपारी चाकणचा माल द्यायचा होता. एक साईज मोठी भोकं पाडून मी जाड रिवेट मारले. त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि खूश होऊन माझी पाठ थोपटली.

महिन्याभरात, वाऱ्यात काठी डोक्यात पडून ते गेले. दिवस झाल्यावर त्यांची मुलगी ती पट्टी घेऊन शेडवर आली. सहाही रिवेट घट्ट होते. त्यांच्याभोवती काठीचा फाटलेला पत्रा तसाच चिकटलेला होता.

"दादा, तुमचं काम सुटलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या जिवाला लागलं असेल, म्हणून दाखवायला आणली."

मी तिच्यासाठी चहा मागवला.