खिडकीबाहेरचे सभासद

श्री. उकंडाजी तायडे यांची प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वी त्यांच्या खुर्चीची व्यवस्था माझ्याकडे आली होती. आमच्या ओळखीची सुरुवात तिथूनच धरावी लागते. मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या लोकल बोर्डात कारकून होतो. अस्पृश्य मानलेल्या समाजाचा एक सभासद सरकारने बोर्डावर नेमावा असे नागपुरास ठरले आणि आमच्या वाट्याला उकंडाजींचे नाव आले. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, ते इंजिनावर काम करत, मराठी सातवी पास होते, गावी थोडी शेती होती. एवढीच माहिती कागदावर होती.

हुकूम वाचून आमच्या चेअरमनसाहेबांनी मला बोलावले. हे मोठे जमीनदार, सारा तालुका त्यांना रावसाहेब म्हणे. ते म्हणाले, "बाबू, नेमनूक त आली. आता या माणसाले बसवता कुठी?" युक्ती माझ्याच डोक्यातून निघाली. कचेरीच्या व्हरांड्यात, मीटिंगच्या खोलीच्या खिडकीला लागून एक खुर्ची ठेवायची आणि खिडकी उघडी ठेवायची. सगळे ऐकू येईल, सगळे बोलता येईल, सरकारचा हुकूम मोडणार नाही आणि आतल्या कोणाला विटाळही होणार नाही. खुर्ची मात्र आतल्यांसारखीच सागवानी, त्याच सुताराकडची. रावसाहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचे फार कौतुक वाटले.

पहिल्या मीटिंगला उकंडाजी वेळेच्या आधी आले. धुतलेले धोतर, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, डोक्याला पटका. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहून विचारले, "बाबूसाहेब, मत द्याचं झालं त हात खिडकीतून आत घालाव लागन का?" हात बाहेरून दिसला तरी चालेल, असे मी अगदी गंभीरपणे सांगितले. ते "बरं" म्हणाले आणि बसले. त्या वेळी मी त्यांना अहोजाहो करत नव्हतो. आज या लेखात आदरार्थी लिहिताना ते आठवते आणि लाज वाटते.

उकंडाजींच्या या गौरवग्रंथात, त्यांनी पुढे मुलांसाठी काढलेल्या बोर्डिंगातून शिकून गेलेल्या मंडळींनी त्यांच्या कार्याबद्दल लिहिले आहेच. मी लिहिणार ते खिडकीच्या आतून जे पाहिले ते.

बोर्डाच्या शाळांत त्यांच्या समाजाची मुले वर्गाबाहेर ओट्यावर बसत. मास्तर आत शिकवत आणि बाहेरच्यांनी दारातून जेवढे दिसेल तेवढे शिकावे असा रिवाज होता. उकंडाजींची मुलगी भागीरथी त्याच सुमारास गावच्या शाळेत पहिलीत गेली होती. दुसऱ्याच मीटिंगला उकंडाजींनी ठराव मांडला की, बोर्डाच्या सर्व शाळांत सर्व मुलांना वर्गात बसवावे. रावसाहेबांनी विचारले, "अनुमोदन कोनाचं?" बोर्डाचा नियम असा की, एकाने मांडलेल्या ठरावाला दुसऱ्या सभासदाचे अनुमोदन मिळाल्याशिवाय तो चर्चेलाच येत नाही. कोणी बोलले नाही. रावसाहेब म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

पुढच्या मीटिंगला त्यांनी तोच ठराव मांडला. त्याच्या पुढच्या मीटिंगलाही. मीटिंग संपून जोडे घालताना एखादा सभासद हळूच त्यांना म्हणे, "उकंडाजी, तुमचं म्हननं खरं हाये." उकंडाजी म्हणत, "मंग तेच आत बोला न जी." तो सभासद हसून निघून जाई. सगळे गेल्यावर मी प्रोसीडिंगचे, म्हणजे सभावृत्ताचे, बुक खिडकीच्या चौकटीवर ठेवून मागे सरकत असे. उकंडाजी पानावरचा शब्दन् शब्द वाचून हजेरीची सही करत, आणि मग मी बुक उचलत असे. वैशाखात व्हरांड्यावर उन्हाची तिरीप येई. ते सावलीबरोबर खुर्ची सरकवत आणि मीटिंग संपेपर्यंत खिडकीपासून बरेच लांब गेलेले असत. खिडकी बदलावी असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही.

आता माझ्याबद्दल सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय उकंडाजींबद्दल खरे सांगता येणार नाही. माझ्या प्रोसीडिंग बुकात खाडाखोड नसे. बुलढाण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेरा मारला होता की, असे स्वच्छ बुक जिल्ह्यात दुसरे नाही. तो शेरा मी घरी नकलून नेला होता. तर काही महिन्यांनी मी एक सोय करून घेतली. उकंडाजींचा ठराव दर वेळी येणार आणि दर वेळी बारगळणार, हे माहीतच होते. तेव्हा मीटिंगच्या आधीच सकाळी निवांत, सुवाच्य अक्षरात मी लिहून ठेवू लागलो: "श्री. तायडे यांनी ठराव मांडला. अनुमोदन न मिळाल्याने चर्चेस आला नाही." वेळ वाचे आणि अक्षरही चांगले येई.

भागीरथी दुसरीत होती त्या वर्षीची गोष्ट. उकंडाजींनी ठराव मांडला. रावसाहेबांनी सवयीने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा कागद उचलला. तेवढ्यात कोपऱ्यातून हाजी करीमसाहेब बोलले. हे कापसाचे व्यापारी, वयोवृद्ध, मीटिंगमध्ये सहसा तोंड न उघडणारे. ते म्हणाले, "मेरी ताईद है. बच्चे तो बच्चे हैं, बाबू. लिख लो."

ताईद म्हणजे अनुमोदन, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. रावसाहेब कागदावरून मान न उचलता म्हणाले, "पुढचा विषय." मी बुकाकडे पाहिले. ओळ सकाळीच लिहिलेली होती आणि शाई वाळलेली होती. ती खोडायची तर प्रत्येक खाडाखोडीवर चेअरमनची सही घ्यावी लागे. रावसाहेबांकडे ती मागायची मला भीती वाटली, हे खरे. पण त्याहून खरे हे की, मला ते पान खराब करवेना.

मीटिंग संपली. मी बुक चौकटीवर ठेवले. उकंडाजींनी वाचले आणि बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाले, "बाबूसाहेब, हाजीसाहेब बोलले होते."

मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात वाचून कायम करताना दुरुस्त करू."

त्यांनी सही केली. सही करताना इतका वेळ त्यांनी कधी लावला नव्हता.

पुढच्या महिन्यात हाजीसाहेब आले नाहीत. ते अंथरुणाला खिळले होते. मी मागचे प्रोसीडिंग वाचले आणि ती ओळ जरा भरभर वाचली. खिडकीशी उकंडाजी उभे राहिले. मी मान वर केली नाही. ते थोडा वेळ उभे होते, मग बसले. प्रोसीडिंग कायम झाले. हाजीसाहेब त्याच उन्हाळ्यात वारले, आणि त्यानंतर त्या ठरावाला कोणी कधी ताईद दिली नाही.

महिन्याभराने उकंडाजी कचेरीत एकटे आले. मी स्वतःच म्हणालो, "तुम्ही डेप्युटी कमिशनरसाहेबांकडे बुलढाण्याला अर्ज का करत नाही? माझी चूक आहे, मी कबूल करीन." कबूल केले असते की नाही, देव जाणे. ते म्हणाले, "साक्ष कोनाची देऊ? हाजीसाहेब गेले. बाकीचे म्हनतीन, आमाले आयकू आलं नाही. राह्यले तुमी. तुमची नोकरी जाईन, लेकरं लहान हायेत तुमचे. त्यानं काई माही पोरगी आत जाऊन बसत नाही." हे ते रागाने बोलले नाहीत. रागाने बोलले असते तर मला बरे वाटले असते.

भागीरथी चौथी पास झाली ती ओट्यावरूनच. परीक्षेला आलेल्या इन्स्पेक्टरांनी दारात उभे राहून तिला गणिते घातली आणि तिने ओट्यावरून उत्तरे दिली. ती वर्गात पहिली आली, असे म्हणायची पद्धत आहे. पण तिने वर्ग आतून कधी पाहिला नाही. तिचे लग्न होऊन ती संग्रामपूरकडे गेली, त्यानंतर दोन वर्षांनी वरूनच हुकूम आला आणि बोर्डाच्या शाळांतली सगळी मुले आत बसू लागली. पेपरात सरकारचे अभिनंदन छापून आले. बोर्डानेही एकमताने अभिनंदनाचा ठराव केला, आणि त्याला अनुमोदन द्यायला पाच हात वर झाले.

उकंडाजींना आपल्या माणसांत तरी सोबत होती, असे कोणी समजू नये. तालुक्यातल्या अस्पृश्य मानलेल्या वर्गासाठी हायस्कूलची एक सरकारी स्कॉलरशिप असे आणि शिफारस त्यांच्याकडे असे. एका वर्षी त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा आणि मांगवाड्यातला, म्हणजे दुसऱ्या जातीतला, एक पोरका मुलगा असे दोघे उरले. उकंडाजींनी पोरक्या मुलाचे नाव दिले. भाऊ कचेरीच्या आवारातच ओरडला, "जात सोडली का बे तू? घरचं पोरगं दिसत नाही तुले?" उकंडाजी म्हणाले, "दिसते. त्याले बाप हाये, घर हाये. जागा एकच हाये, अन् ज्याले कोनीच नाही त्याची ते पयले." तेव्हापासून भावाच्या घरचे बोलणे बंद झाले. वस्तीतले लोक त्यांना "सायबाचा मेंबर" म्हणत. पुढे त्यांनी बोर्डिंग काढले, त्यात महार, मांग, चांभार अशी सगळी मुले एका पंगतीला बसत, म्हणून पहिल्या वर्षी स्वतःच्या वस्तीतून त्यांना एकही मूल मिळाले नाही. ज्या वर्गासाठी खुर्ची, तो वर्गही त्यांच्या शेजारी बसायला तयार नव्हता.

पुढे रावसाहेब गेले, नवे चेअरमन आले आणि उकंडाजींची खुर्ची आत आली. ती आत आली त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या खुर्च्या वीतभर सरकल्या. मी पेन्शनीत निघालो तोपर्यंत त्या तशाच सरकलेल्या होत्या. माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी सभासदांपैकी कोणी फिरकले नाही. संध्याकाळी कुलूप लावत होतो तेव्हा उकंडाजी आले, हातात झेंडूचा हार होता. म्हणाले, "बाबूसाहेब, एकट्यानं घरी जानं चांगलं नसते." आणि माझ्या आळीच्या तोंडापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. आळीत मात्र शिरले नाहीत, आणि मीही या म्हणालो नाही. इतक्या वर्षांनी, इतके सगळे झाल्यावरही म्हणालो नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी प्रथमच त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर बसून चष्मा पुसत होते. मी सांगितले की, प्रोसीडिंगातल्या त्या ओळीची हकिगत लिहायची आहे, माझ्या नावासकट. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तुमचं लिहा, का नका लिहू, तुमची मर्जी. पन म्या एकट्यानं लढलो असं लिहू नका. सारे तेच म्हनून राह्यले. एकट्यानं झालं म्हटलं का लोक म्हनतीन, एक खुर्ची पुरे."

मी म्हणालो, "पण तुम्ही एकटेच होता, उकंडाजी."

"होतो न. काऊन नाही म्हनू? घरी येऊन बायकोलेबी सांगत नव्हतो, का आजबी कोनी बोललं नाही. ते इचारतच नव्हती मंग." ते थांबले. "पन एक दिवस नव्हतो. तुमी सारे पोरीचं, बोर्डिंगाचं लिहान. मले त्या एका दिवसाचं वाटते. बाहेर बसून म्या कानानं आयकलं का आतून कोनी माह्यासाठी बोललं. इतक्या वर्सात तेवढं एकदा. अन् तेच कागदावर नाही. हाजीसाहेबाचं नाव लिहा."

लोकल बोर्डाचे प्रोसीडिंग आता माझ्या हातात नाही, आणि कायम झालेले प्रोसीडिंग बदलता येत नाही हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी सर्व मुलांना वर्गात बसवण्याचा ठराव श्री. उकंडाजी तायडे यांनी मांडला. हाजी करीमसाहेब यांनी त्यास अनुमोदन दिले. कारकुनाने ते ऐकले होते.

उकंडाजींना उदंड आयुष्य आणि निकोप प्रकृती लाभावी, ही माझी मनापासून प्रार्थना आहे. बोर्डावर त्यांच्या समाजाची जागा आजही एकच आहे. तिच्या शेजारी दुसरी येईल तो दिवस त्यांनी डोळ्यांनी पाहावा. मीटिंगमध्ये सभासद एकमेकांच्या कानाशी लागून काहीबाही बोलतात आणि चेअरमनला टेबल वाजवावे लागते. उकंडाजींच्या कानाशी लागून कोणी बोललेले मी माझ्या साऱ्या नोकरीत एकदाही पाहिले नाही.