नाक्याचा बांबू

शपथेवर सांगतो राजेहो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, बराचसा. जकात नाक्यावर जन्म काढलेल्या माणसाजवळ किस्से साचतातच. गाडीवान माल घेऊन पुढं जातो, गोष्ट माझ्याजवळ ठेवतो!

आमचं गाव आर्वीच्या वाटेवर. कोरियात लढाई होती तोवर इथं कापसाला सोन्याचा भाव. जिनिंगवाल्या शेठनं टॉकीज बांधायला काढली. तीन भिंती झाल्या अन् भाव कोसळला. आत लोक म्हशी बांधू लागले. शेठ म्हणे, "पब्लिक तर आली, आता फक्त पिक्चर आणाचा!"

*

मग शेठची सरकी काढायची जिनिंगही बंद पडली. तिथल्या बायांनी नाक्याबाहेरच्या पडीत जागेवर झोपड्या टाकल्या. गिरजाबाई त्यांची पुढारी.

कापसाच्या गाड्या नाहीत, म्हणून नगरपालिकेची तिजोरी कोरडी. ओव्हरसिअर साहेबांनी डोकं लढवलं. शहराची हद्द दाखवणारा नाक्याचा बांबू उचलून थेट झोपड्यांच्या पलीकडं रोवला! "बाई, तुम्ही आता शहरात. घरपट्टी भरा."

गिरजाबाई म्हणाली, "बसल्या जागी शहर आलं जी! आम्ही तं कुठी गेलतो नाई!"

*

पण बाई गप्प बसणारी नव्हती. घागर घेऊन कचेरीत. "शहर हाय तं नळ द्या. विहिरीवर जाऊन कंबर मोडून राह्यली."

आठवड्यात बांबू परत जुन्या जागी! मी विचारलं, "साहेब, हे काय?"

"नळ मागणारी वस्ती शहरात धरत नसतात!"

अरे, लाज नावाची वस्तू जकातीत अडकली होती काय?

*

पुढं एका व्यापाऱ्याला ती जागा गोदामासाठी पाहिजे झाली. साहेब त्या व्यापाऱ्याला अन् कुदळीवाल्यांना घेऊन हजर. "झोपड्या पाडा!"

गिरजाबाई दारात आडवी. "कोण्या कायद्यानं? तुमची हद्द तं तिकडं सरली. इथं तुम्ही पाहुणे. पाणी प्या अन् जा!"

साहेब भडकले. "आणा रे तो बांबू!"

मी अन् शिपायानं बांबू उपटून आणला. साहेबांनी तो स्वतः खांद्यावर घेतला.

तशी बाई वळून ओरडली, "पोरींनो, घागरी आणा वो! शहर येऊन राह्यलं, नळ आला!"

साऱ्या बाया घागरी मांडून रांगेत बसल्या. साहेब बांबू खांद्यावर घेऊन मध्येच उभे. रोवला तर नळ द्यावा लागतो, परत नेला तर झोपड्या पाडता येत नाहीत! व्यापारी घाम पुसत निघून गेला.

झोपड्या वाचल्या. अन् दिवाळीला तिथं नळही आला.

यातला दिवाळीचा नळ तेवढा मी मनानं बनवलाय.