पेटीवर पाणी

हेडमास्तरांनी कळशी उचलली आणि गाण्याच्या पेटीवर ओतली. शाळेच्या अंगणात. सगळ्या पोरांदेखत. मी समोर उभी होते. मला तिथं उभंच केलं होतं, बघायला.

पाणी भात्याच्या घड्यांत शिरलं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांमधून आत गेलं. आदल्या दिवशी त्यातली एक पट्टी मी दाबली होती. मांगाच्या पोरीनं. म्हणून पेटी बाटली होती.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. ओघळ माझ्या पायाकडं येत होता, तेवढं दिसत होतं.

माझा बाप सनई वाजवायचा. कराडच्या आसपासची लग्नं त्याच्या सनईवर लागायची, आणि तो मांडवाबाहेर बसायचा. त्यालाही बोलावून घेतलं होतं. तो लांबूनच म्हणाला, "आवं मास्तर, पाणी नका घालू. आतलं सूर पितळंचं असत्यात. मरतील."

"तू मला शिकवू नकोस," हेडमास्तर म्हणाले आणि दुसरी कळशी ओतली.

झालं होतं ते असं. दर गुरुवारी सांगलीहून गाण्याचे गुरुजी यायचे. मी आठ वर्षांची. माझी जागा व्हरांड्यात. मला पाढे येत नव्हते. छडी खाऊनही आले नाहीत. गुरुजींनी आतल्या पोरांकडून ते टाळीवर, चालीत म्हणवून घेतले आणि बाहेर बसून मला आले. बाराचा पाढा शेवटपर्यंत म्हटला तेव्हा कळलं, माझ्या डोक्यात बिघाड नाही. तोवर मला वाटायचं, आहे.

त्या गुरुवारी पोरींना सूर लागेना. मी बाहेरून लावला. गुरुजी थांबले.

"कोण गं ती? आत ये."

मी हलले नाही. ते पुन्हा म्हणाले, "ये. ही पट्टी दाब. हा तुझा सा."

मी दाबली. आवाज बोटातून छातीपर्यंत गेला.

पाटलांच्या नातीनं घरी सांगितलं. गुरुजी सांगलीला परतायच्या आधीच चौकशी झाली. गुरुजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती आपणहून आत शिरली."

कळशी मी विसरले असते. हे वाक्य विसरले नाही.

महिन्याभरात पेटी मुकी झाली. गाण्याचा वर्ग बंद पडला. दोष माझ्यावर आला. चावडीपुढं बापाला आणि मला बोलावलं. पाटील बापाला म्हणाले, "पोरीला पाया पडू दे. न्हाईतर यंदा लग्नात वाजवायची एक सुपारी मिळायची न्हाई."

बापानं पटका काढून जमिनीवर ठेवला. माझ्या मानेवर हात ठेवला. दाबला. मी वाकले नाही.

"मला गुरुजींनी बोलावलं. पेटी तुमच्या पाण्यानं मेली. मी पाया पडणार न्हाई."

आवाज सपाट निघाला. राग नव्हता त्यात. बापाचा हात मानेवरून निघाला. त्यानं पटका उचलला, झटकला. "चल," म्हणाला.

त्या साली कुणी सुपारी दिली नाही. आम्ही सांगलीला आत्याकडं गेलो. बाप हळदीची पोती उचलू लागला. सनई त्यानं पुन्हा तोंडाला लावली नाही. मला बोलही लावला नाही. त्याच्या शेजारी जेवायला बसले की मी माझी अर्धी भाकर त्याच्या ताटात सरकवायची. अजून सरकवते.

इंग्रज गेले त्या सालापासून मी आमच्या वस्तीतली लहान पोरं एका सरकारी खोलीत शिकवते. चार-पाच वर्षांची. चिमी म्हणून एक पोर होती, तीन महिने एक शब्द बोलली नाही. गाण्यात तिचं नाव गुंफलं, तर पुढची ओळ तिनंच म्हटली. ते ऐकून तिची आई दारातच खाली बसली.

परवा शाळाखात्याचे साहेब वर्ग तपासायला आले. म्हणाले, "यांना गाणं कशाला? यांच्या हातात झाडूच येणार. चार अक्षरं पुरे."

मी म्हणाले, "आधी गाणं, साहेब. अक्षरं त्याच्या मागनं येत्यात."

त्यांनी वहीत काही लिहिलं. लिहू दे. खोली काढून घेतली तर उघड्यावर वर्ग भरवीन. तिथनं उठवलं तर रस्त्यावर. एवढ्याशा पोराला एकदा सांगितलं, तुझा आवाज इथला नव्हे, की ते जन्मभर गप्प बसतं. मी कुणाला गप्प बसू देणार नाही. माझी पोरं गातील, मोठ्यानं गातील. ऐकवत नसेल त्यानं उठून जावं.